अकरावा तोडा

पालाझ्झोच्या, म्हणजे गावातल्या जुन्या वाड्याच्या, सज्जाखाली तो पेलणारे एकोणीस दगडी तोडे होते आणि प्रत्येक तोड्याच्या टोकाला एक चेहरा. अकरा माणसांचे, पाच जनावरांचे, तीन कशाचे ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. उघडी तोंडं चौदा. बाहेर काढलेल्या जिभा चार. शाबूत नाकं सोळा. दात व्हेनेराने दोनदा मोजले. पहिल्यांदा एकशे बारा भरले, दुसऱ्यांदा एकशे तेरा. म्हणून ती तिसऱ्यांदा परांचीवर चढली. नवव्या तोड्यावरच्या सिंहाच्या जबड्यात, दाढेच्या मागे, खालून कधीच दिसणार नाही असा एक दात होता. तिने वहीत एकशे तेरा लिहिलं. पुढे कोरणाऱ्याचं कौतुक लिहिलं, मग ते खोडलं.

त्या दिवशी जूनची सहा तारीख होती. पंधराला गावाच्या संताचा, सान व्हितोचा उत्सव. तेराच्या संध्याकाळपर्यंत परांची उतरवायची, म्हणजे हातात सात दिवस. जुन्या वास्तू तपासणाऱ्या तिच्या कचेरीत साहेब म्हणाले होते, "कारकारा तुझंच गाव ना? मग तूच जा. घरचं काम आहे, लवकर होईल." काम एवढंच होतं: उत्सवाच्या दिवशी सज्जावर माणूस चढवायचा की नाही, ते लेखी सांगायचं.

माणूस एकच चढायचा. गावातल्या पाथरवटांपैकी जो वयाने सगळ्यात मोठा, तो. सान व्हितोची लाकडी मूर्ती खांद्यांवरून यायची, सज्जाखाली थांबायची, चाळीस जण ती हात ताठ करून डोक्यावर उचलायचे, आणि वर तो म्हातारा गुडघे टेकून, कठड्याच्या फुगीर गजांमधून हात खाली घालून, नव्या गव्हाच्या लोंब्यांचा मुकुट देवाच्या डोक्यावर ठेवायचा. भूकंपानंतर गाव पुन्हा बांधलं गेलं तेव्हापासूनची ही रीत. मागची एकवीस वर्षं हा मान इग्नात्सियो मिस्त्रीकडे होता. चौऱ्याण्णव वर्षांचा होईतो त्याने तो सोडला नाही. जानेवारीत तो गेला. आता सगळ्यात मोठे होते त्र्याऐंशी वर्षांचे कोर्रादो कुल्त्रेरा. व्हेनेराचे वडील.

"ए व्हेनेरा!" खालून साव्हेरियोने हाक मारली. उत्सवाच्या मंडळाचा हा प्रमुख, समोरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक. "झाली का नाकं मोजून? एखादं कमी भरलं तर तुझ्या बापाचं लाव. दोघांना पुरेल!"

"साव्हेरियोकाका, तुमची जीभ लावते. चार आहेत, पाच होतील."

"बघा, फ्लोरेन्सला जाऊन हे शिकली!" तो दुकानातल्या लोकांकडे वळून म्हणाला. "बरं, कोर्रादो मिस्त्रींना सांग, टोपल्या भरल्या. लोंब्या यंदा हातभर आहेत."

तिने मान डोलावली आणि पिशवीतून लहान लाकडी हातोडी काढली.

कुंभाराकडचं मडकं आपण जसं वाजवून घेतो, तसं तिने एकेक तोडा वाजवला. पहिला: टक्. आखूड, भरीव. दुसरा: ठप्. तिने पुन्हा वाजवला. ठप्. तिसरा तसाच. चौथा भरीव. पाचवा पोकळ. सातवा सगळ्यांत वाईट दिसायचा. नाक नाही, कपाळ झिजून साबणाच्या वडीसारखं झालेलं. पण त्याचा आवाज ठणठणीत होता. आठवा, नववा, अकरावा, चौदावा, पंधरावा, अठरावा: पुन्हा ठप्. ती शेवटपर्यंत गेली, मग उलट्या क्रमाने पहिल्यापर्यंत आली. दोन्ही वेळा नऊच तोडे पोकळ वाजले. आणि ते नऊ दिसायला सगळ्यांत देखणे होते.

ज्या दहांचा आवाज भरीव होता त्यांत तिने बारीक छिद्रं पाडली, एकेका मिलिमीटरला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजत. सातव्यात वरचे सहा मिलिमीटर मऊ लागले. त्यापुढे दगड असा लागला की ड्रिलचं पातं तापलं.

पोकळ नवांना तिने छिद्र पाडलं नाही. हत्यारं आवरून ती घरी गेली.

स्वयंपाकघरात कोर्रादो जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. पुढ्यात उलटी ठेवलेली खुर्ची, तिच्या दांड्यांतून त्यांचा उजवा हात पलीकडे गेलेला, आणि हातात गोल कड्यासारखा पाव. खुर्चीपलीकडे स्टुलावर पालथं पातेलं. पाव त्यांनी अलगद पातेल्यावर ठेवला, हात मागे घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अठरा," ते म्हणाले. "ईस्टरच्या आधी खाली बसायलाच चाळीस सेकंद लागायचे. आता बसून, मुकुट ठेवून, अठरा. इग्नात्सियोला शेवटी शेवटी दोघं धरायचे. मला कुणी धरायचं नाही, सांगून ठेवतो."

"उठताना?"

"उठताना कोण बघतंय? देव तोवर पुढे गेलेला असतो." टेबलाचा आधार घेऊन ते उठले. "जेवलीस का? वालाची पेज आहे. आणि पातेल्यावरचा देवाचा मुकुटही खा, तीन दिवसांचा आहे."

व्हेनेरा बसली. पेज तिने पुढ्यात घेतली, पण चमचा उचलला नाही.

"पपा, एकाहत्तर साली तुम्ही किती तोडे दुरुस्त केले होते?"

हा प्रश्न गावाने त्यांना हजारदा विचारला होता आणि हजारदा ते हसले होते. दुरुस्ती कुठे आहे ते दिसलं तर ती दुरुस्ती कसली, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. साव्हेरियोच्या दुकानात त्यावर पैजा लागायच्या. कुणी पाच म्हणायचं, कुणी बारा. एकच चेहरा गावाने नक्की ओळखला होता, अकरावा, कारण त्याचं नाक कोर्रादोंच्या सासूबाईंचं होतं. सासूबाई तीन वर्षं जावयाशी बोलल्या नव्हत्या. मरताना मात्र म्हणाल्या होत्या, नाक चांगलं जमलंय.

"तू दिवसभर वर होतीस," कोर्रादो म्हणाले. "तूच सांग."

"नऊ."

त्यांचा चेहरा उजळला. "नऊ! शाब्बास. अठ्ठेचाळीस वर्षांनी कुणाला तरी कळलं. आणि ते माझ्याच पोरीला. कोणते कोणते?"

तिने आकडे सांगितले. प्रत्येक आकड्याला ते मान हलवत होते, परीक्षेचा निकाल ऐकावा तसे.

"नवव्याच्या जबड्यात मागे एक दात आहे," ती म्हणाली. "मला वाटलं तो जुन्या कारागिराचा."

"माझा. खालून दिसत नाही, ठाऊक होतं मला. पण सिंहाला कळतं ना, तोंडात किती दात आहेत ते." ते हसले. "रंगावरून ओळखलंस? शक्य नाही. त्याच खाणीतला दगड कुटून, बारीक मलमलीतून गाळून, बकरीच्या दुधात कालवून घातला होता मी सिमेंटात. सात वेळा करून बघितलं, तेव्हा रंग जुळला. सांग, कशावरून ओळखलंस?"

"आवाजावरून."

हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. साठ वर्षं ज्याने दगड वाजवून विकत घेतला, त्याला आवाज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

"कसा वाजतो?" त्यांनी विचारलं.

"ठप्."

"नऊच्या नऊ?"

"हो."

त्यांनी समोरचा पाव उचलला, मोडला, पुन्हा ठेवला.

"सिमेंट दगडाहून टणक असतं," ते म्हणाले. "आम्ही तेव्हा वाकडी पहार घेऊन मारून बघितलं होतं. दगडाचा टवका निघाला, सिमेंटाचा नाही. मी म्हटलं, चुना कशाला? चुना आमच्या आज्यांनी वापरला, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. गावातल्या भट्ट्या तेव्हा बंदच पडल्या होत्या. शेवटच्या भट्टीत बकऱ्या बांधायचे. सगळे म्हणाले, कोर्रादो, आता हे जन्मभर हलत नाही."

"ते हललेलं नाहीच, पपा. सिमेंट तसंच आहे."

"मग?"

तिला हे एखाद्या सभेत सांगता आलं असतं, चित्रं दाखवून. इथे चित्रं नव्हती. "आपला दगड ओल पितो आणि वाऱ्याने परत सोडतो," ती म्हणाली. "चुना त्याला सोडू देतो. सिमेंट देत नाही. पाणी भिंतीतून येतच राहतं, मीठ घेऊन. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून मीठ कवचाच्या आतच धरतं, फुगतं, आणि कणाला कण सोडवत जातं. सिमेंट टणक राहतं. दगड झिजत मागे जातो."

"मागे म्हणजे किती?"

"उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

कोर्रादोंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "सातवा?"

हाच प्रश्न येऊ नये असं तिला दुपारपासून वाटत होतं.

"सातव्याला तुम्ही हात लावला नव्हता," ती म्हणाली.

"लावला नाही म्हणजे सोडून दिला. तो एवढा गेलेला होता की म्हटलं, हा मेला, याच्यावर दिवस कशाला घालवू. जे जगतील त्यांना जगवू. विचारतोय ते सांग."

"सहा मिलिमीटर मऊ आहे. पुढे सगळा शाबूत."

"सहा," ते म्हणाले. पेज निवली, तिच्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साव्हेरियोच्या दुकानात ही गोष्ट कुणी सांगितली ते कळलं नाही, पण तिथे ती व्हेनेराच्या आधी पोचली होती. वाटीतल्या बदामी बर्फाच्या चुऱ्यात पाव बुडवून खाणाऱ्या चारपाच म्हाताऱ्यांनी एकदम तिच्याकडे माना वळवल्या.

"टेकू लावा खालून," साव्हेरियो म्हणाला. "लोखंडी. चार लावा, सहा लावा. त्यात काय?"

"गल्ली चार मीटरची आहे, काका. देवाची पालखी साडेतीनची. टेकू लावले तर सान व्हितो येणार कुठून?"

"मग तू फक्त लिही की ठीक आहे. एका म्हाताऱ्याचं वजन ते काय? तुझा बाप काय वासरू आहे?"

"बासष्ट किलो."

"वजनसुद्धा केलंय पोरीने!" एक जण पुटपुटला.

"आणि खाली चाळीस जण हात वर करून," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्यांवर नऊ तोडे."

साव्हेरियोने फडका खांद्यावर टाकला. आता तो हसत नव्हता. "सज्जा बंद, म्हणजे गल्लीही बंद. म्हणजे देव या वाटेने येणारच नाही. असं कधी झालेलं नाही, बये. लढाईतसुद्धा आला होता. लोक विचारणार, का?"

"अहवालात नाव नसतं. पूर्वीची दुरुस्ती, एवढंच असतं."

"गावाला अहवाल लागतो होय?" साव्हेरियो हळूच म्हणाला. त्याची नजर तिच्या मागे दाराकडे गेली होती.

दारात कोर्रादो उभे होते. अंगात पाथरवटांच्या मंडळाचा काळा कोट, जो वर्षातून एकदाच निघायचा, आणि हातात चामड्याची जुनी पिशवी. पिशवीत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं: छिन्नी, पटाशी, बीडाची मोगरी.

"व्हेनेरा," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझ्या हिशेबाने तोडा टिकायला दगड किती लागतो?"

"पपा, घरी बोलू."

"इथेच. हे सगळे पैजा लावत आलेत. त्यांनाही ऐकू दे."

तिने वहीत न बघता सांगितलं. "भिंतीपाशी तोड्याची जाडी तीनशे चाळीस मिलिमीटर. त्यातला दोनशे वीस तरी शाबूत हवा. मग एका माणसापुरता मी सज्जा उघडेन."

"दोनशे वीस. म्हणजे शंभराच्या वर गेला असला तरी चालेल."

"एकशे वीस गेला असला तरी."

"बघा," ते साव्हेरियोकडे वळले. "शास्त्राचं मन मोठं असतं. वाजवून काय कळतं? मडकं पोकळच असतं, तरी पाणी धरतं. एक तोडा उघडू. नवांतला कोणताही. मी निवडणार, मीच उघडणार. तिचं यंत्र नको. माझ्या हाताने घातलंय ते माझ्या हाताने निघेल. मागे दोनशे वीस भरले तर मी वर जाणार. नाही भरले तर..."

"कोणता उघडणार?" साव्हेरियोने विचारलं.

"सासूबाई."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबवली.

व्हेनेराला नको म्हणायचं होतं. पण अकरावा हा जवळजवळ मधला होता, ओल सगळ्यांत कमी लागणारा, आणि एकाहत्तरच्या कामात सगळ्यांत शेवटी केलेला, हात बसल्यावर. नमुना म्हणून तिनेही तोच निवडला असता. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस परांचीच्या शिडीवर चढताना ती एक पायरी खाली, हात त्यांच्या कमरेजवळ पण न लावता, चढत गेली. तिने पायऱ्या मोजल्या. बावीस. सतराव्या पायरीवर ते थांबले, दम घेतला, आणि पुन्हा चढले.

वर त्यांनी कोट काढून घडी घातली आणि फळीवर ठेवला. मग अकराव्या चेहऱ्यासमोर उभे राहिले. अठ्ठेचाळीस वर्षांनी दोघं इतकी जवळ आली होती. त्यांनी अंगठा नाकाच्या शेंड्यावरून फिरवला.

"या नाकपुडीला दोन दिवस लागले होते," ते म्हणाले. "बाई स्वयंपाक करायच्या आणि मी चोरून बघायचो. त्यांना वाटायचं, जावई पेजेवर खूश आहे."

त्यांनी बोटाच्या पेराने कपाळावर वाजवलं. ठप्. गालावर वाजवलं. हनुवटीवर. मानेला, जिथे चेहरा संपून तोडा भिंतीत शिरतो. प्रत्येक वेळी कान दगडाच्या अगदी जवळ नेत होते. व्हेनेराने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पट्टी, सळई, घमेलं, काटा ओळीने मांडला.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात," ते पुटपुटले. "बघू, घाव परत घेतले तर काय येतं."

गालाच्या मागच्या कडेला, जिथे जोड होता आणि जो त्यांच्याशिवाय कुणालाही सापडला नसता, तिथे त्यांनी छिन्नी टेकवली. पहिला घाव हलका. दुसरा थोडा जोरात. तिसऱ्या घावाला त्यांना जोर लावावाच लागला नाही. चेहरा पुढे झुकला. व्हेनेराने दोन्ही हात पुढे केले, पण त्यांनी मोगरी टाकून तो स्वतःच पकडला, छातीशी. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळा अखंड, एक ओरखडा नसलेला. आतून मात्र परातीसारखा पोकळ.

मागून भुकटी येऊ लागली. आधी बारीक धार, मग लोंढा. फळीवरून ती खाली गल्लीत गेली, आणि खाली उभे असलेले लोक मागे सरले. ती गव्हाच्या पिठासारखी पिवळसर होती आणि वाहताना जवळजवळ आवाज करत नव्हती. व्हेनेराने खाली घमेलं धरलं. घमेलं भरलं, तिने ते पोत्यात रिकामं केलं, पुन्हा धरलं. तीनदा भरल्यावर धार थांबली.

कोर्रादोंनी चेहरा फळीवर, कोटाच्या घडीवर ठेवला. मग मागच्या खळग्यात हात घातला. हात मनगटाच्या पुढे चार बोटं गेला. बाहेर काढला तेव्हा बोटं पिवळी झाली होती. एक बोट त्यांनी जिभेला लावलं.

"खारट," ते म्हणाले.

"पपा, खाली बसा जरा."

"मोज."

"नंतर मोजते."

"मोज, पोरी. कमी करू नकोस आणि जास्त करू नकोस."

त्यांनी फळीचा आधार घेतला आणि बसले. गुडघ्यांवर बसले, खुर्चीपुढे बसायचे तसे, आणि यावेळी त्यांनी सेकंद मोजले नाहीत. खालून साव्हेरियो काहीतरी विचारत होता.

व्हेनेराने सळई खळग्यात घातली, टणक लागेपर्यंत ढकलली, खूण केली, बाहेर काढून पट्टीवर धरली. तीन जागी मोजलं. तिन्हींत फरक एका मिलिमीटरहून कमी होता. कवचाच्या कडेची जाडी मोजली. वही उघडली आणि ते वाचू शकतील अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं:

तोडा क्रमांक अकरा. मूळ जाडी तीनशे चाळीस मिलिमीटर. सिमेंटचं कवच अठ्ठावीस. पोकळी आणि भुकटी दोनशे सत्तर. शाबूत दगड बेचाळीस मिलिमीटर.